पेपर किती, यापेक्षा पेपर कोणता

तळवली-घणसोलीच्या एखाद्या घरात तोंडाचा कर्करोग निघाला, की शिकलेली मुलं आधी मोबाइलवर सर्जनचं नाव शोधतात. पनवेल लोकलने बेलापूरला उतरलं तर अपोलो, पुढे खारघरला टाटाचं कर्करोग केंद्र ॲक्ट्रेक, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न खराच असतो. हल्ली नावापुढे पदव्यांबरोबर आकडेही दिसतात : इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन, एच-इंडेक्स इतका. आकडा मोठा म्हणजे हात कसलेला, असं घरचे धरून चालतात.

तसं नसतं. सायटेशन म्हणजे एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा दिलेला संदर्भ. ऑपरेशननंतर किती रुग्ण सुखरूप घरी गेले, याची त्यात नोंद नसते. ते कळायला, अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, असं डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

पण म्हणून संशोधन म्हणजे बढतीसाठीची कागदं, असं म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेलं एक काम बघा. जिभेचा किंवा गालाचा छोटा कर्करोग काढायचा आहे आणि मानेत हाताला गाठ लागत नाही. मानेतल्या लसिका ग्रंथी त्याच वेळी काढायच्या, की पुढे गाठ आली तर बघायचं? यावर जगभरचे सर्जन कित्येक दशकं वाद घालत होते. टाटामध्येच जिभेच्या कर्करोगाच्या ७० रुग्णांवर झालेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. पण एवढ्या थोड्या रुग्णांवरून वाद मिटणं शक्य नव्हतं. मग डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. साधारण आठ जणांची मान आधीच शस्त्रक्रियेने साफ केली, तर एकाचा जीव वाचतो, असा त्याचा अर्थ. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या आपल्या वॉर्डांतून निघालेल्या या उत्तराचा दाखला तेव्हापासून जगभर दिला जातो. (डॉ. डिक्रूझ पुढे बेलापूरच्या अपोलोमध्ये आले.)

दहा वर्षांचं हे काम यादीत मात्र ‘एक’ म्हणूनच मोजलं जातं. एकेका रुग्णाच्या हकिगतीचे दहा छोटे लेख कुणी वर्षभरात छापले, तर ते दहा! नुसती संख्या वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आणि मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

श्रेयाचंही असंच. या निबंधावर पहिलं नाव डिक्रूझ यांचं, शेवटचं डॉ. राजेंद्र बडवे यांचं, मध्ये बरेच सहकारी. सायटेशन मात्र प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतं. कोविडकाळातल्या शस्त्रक्रियांवर २०२१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आलेल्या एका निबंधाचे १५,०२५ सहलेखक होते, तो गिनीज विक्रम ठरला.

एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान ३० सायटेशन मिळालेले ३० निबंध. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. म्हणून तरुण सर्जनची ज्येष्ठाशी तुलना करणं अन्यायाचं, आणि कर्करोगतज्ज्ञाची हर्नियाच्या सर्जनशी करणंही. शिवाय एकाच डॉक्टरचा आकडा गूगल स्कॉलरवर जास्त आणि स्कोपसवर कमी दिसतो, कारण दोघांची गणती वेगळी. इम्पॅक्ट फॅक्टर तर नियतकालिकाचा असतो, त्यातल्या एकेका लेखाचा नव्हे.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे पुष्कळांनी दाखला दिला म्हणजे ते खरंच असणार. अँड्र्यू वेकफिल्ड हे शिक्षणाने सर्जन. १२ मुलांच्या निरीक्षणावरून एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा त्यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. तरी त्याची सायटेशन हजारोंच्या घरात आहेत. खोडून काढणाऱ्यांनीही दाखला दिला, तोही त्यातच मोजला जातो.

म्हणून नाव शोधाच, पण निबंध उघडून बघा. पबमेडवर सारांश फुकट वाचता येतो आणि निबंध मागे घेतला असेल तर तशी सूचनाही तिथे दिसते. तुमच्या माणसाला तोंडाचा कर्करोग असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : मानेत गाठ लागत नसली तरी ग्रंथी आत्ताच काढणार का, आणि नसाल तर कर्करोग किती मिलिमीटर खोल गेलाय हे पाहून ठरवलंय का?