संगणकाच्या पोटात – लेखांक ११ : दोन डिस्क, एक कोंडी

मागच्या लेखात आपण रेड-१ म्हणजे मिररिंग पाहिलं. लिहायचं ते दोन्ही डिस्कवर लिहायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या औषध कारखान्याच्या सर्व्हरवर बॅचच्या नोंदी अशा जपता येतात. पण पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसही संपला आणि सर्व्हर लिहिता लिहिता बंद पडला, तर एका डिस्कवर नवी नोंद आणि दुसरीवर जुनी असं होऊ शकतं. वीज आल्यावर ड्रायव्हर एक प्रत प्रमाण धरतो आणि तिच्यावरून दुसरी जुळवून घेतो. हे रिसिंक. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात आणि कारखाना तेवढा वेळ बंद ठेवणं परवडत नाही. त्यामुळे जुळवणी आणि रोजचं लिहिणं एकाच वेळी चालतं.

त्यात धोका आहे. जुळवणीनं पहिल्या डिस्कवरून एक तुकडा वाचला. तो दुसरीवर उतरण्याआधीच त्याच जागेसाठी नवी नोंद आली आणि दोन्हीकडे लिहिलीही गेली. मग जुळवणीनं हातातला शिळा तुकडा दुसरीवर टाकला. प्रती पुन्हा वेगळ्या झाल्या, आणि कुणाला पत्ताही नाही. हे टाळायला लिनक्समध्ये रेड सांभाळणाऱ्या एमडी ड्रायव्हरमध्ये बॅरिअर, म्हणजे अडसर, आहे. जुळवणी तो लावते, तेव्हा नवी कामं बाहेर थांबतात. आत गेलेल्या, अजून न संपलेल्या कामांचा आकडा शून्यावर आला की मगच तुकडा जुळवला जातो. हा पहिला नियम.

दुसरा नियम २००७ सालचा. डिस्कच्या वर एमडी, त्याच्या वर डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारा एलव्हीएम, असे थर रचले की प्रत्येक थर खालच्याला हाक मारतो आणि प्रत्येक हाक कर्नलच्या स्टॅकमध्ये, म्हणजे अर्धवट हाकांच्या नोंदींसाठीच्या ठरावीक जागेत, जागा खाते. तो स्टॅक तेव्हा ४ किंवा ८ किलोबाइटांचा. थर वाढले की अपुरा पडायचा. तेव्हा एमडी सांभाळणारे ऑस्ट्रेलियातले नील ब्राउन यांनी २.६.२२ या आवृत्तीत तोडगा काढला. खालच्या थराची विनंती लगेच पाठवायची नाही, त्या प्रोसेसच्या स्वतःच्या यादीत ठेवायची आणि हातातलं काम आटोपून बाहेर आल्यावर एकेक पाठवायची.

दोन्ही नियम बरोबर होते. कोंडी झाली ती दोन्ही एकत्र आल्यावर.

कारखान्याचं गेट डोळ्यांसमोर आणा. एका ऑर्डरचा माल दोन टेम्पोंत आलाय. कारकुनानं पहिला टेम्पो आत घेतला, त्याची माल उतरवायची चिठ्ठी खिशात ठेवली आणि दुसरा आणायला तो बाहेर गेला. दोन्ही एकदम उतरवू म्हणून. तेवढ्यात आत स्टॉक मोजायला सुरुवात झाली आणि गेट बंद. पहिला टेम्पो रिकामा झाल्याशिवाय मोजणी होणार नाही. मोजणी झाल्याशिवाय गेट उघडणार नाही. आणि चिठ्ठी गेटबाहेर उभ्या कारकुनाच्या खिशात.

एलव्हीएमनं एका मोठ्या विनंतीचे दोन भाग करून एमडीकडे दिले की हुबेहूब हेच घडू शकायचं. पहिला भाग आत गेलेल्या कामांच्या आकड्यात धरलेला असायचा, पण त्याचं डिस्कवरचं काम यादीतच पडून. दुसरा भाग बॅरिअरपाशी थांबलेला. मशीन बंद पडायचं नाही, स्क्रीनही चालू असायचा. फक्त त्या डिस्कला हात लावणारा प्रत्येक प्रोग्रॅम गोठायचा. रिसिंकचा टक्का हलायचा नाही आणि लॉगमध्ये अमुक काम १२० सेकंदांहून जास्त अडकलंय अशी ओळ यायची. दोन भागांच्या मधल्या नेमक्या क्षणी बॅरिअर लागला तरच हे व्हायचं, त्यामुळे चाचणीत ते महिनोन्महिने निसटू शकायचं.

बॅरिअरला वेळेची मर्यादा घालून सुटका करावी असं कुणालाही सुचेल. तसं केलं असतं तर शिळा तुकडा लिहिला जाण्याचा धोका परत आला असता, आणि गोठलेल्या सर्व्हरपेक्षा गुपचूप बिघडलेली नोंद मी जास्त वाईट मानतो. ब्राउन यांनी २०१२ मध्ये बॅरिअर तसाच ठेवून नेमकी एक सवलत दिली. आत आधीच कामं बाकी असतील आणि येणाऱ्या प्रोसेसची यादी रिकामी नसेल, तर त्या प्रोसेसला थांबवायचं नाही. याला धोका नाही, कारण आतलं काम बाकी असताना बॅरिअर लागलेला असला तरी जुळवणी अजून ताटकळतच असते. आकडा शून्य होईपर्यंत ती कशालाही हात लावत नाही. कोंडीचं कारण त्यांनी बदलासोबतच्या टिपणात टप्प्याटप्प्यानं मांडलंय. मला ते टिपण कोडइतकंच मोलाचं वाटतं.

सवलतीची ही अट २०१७ मध्ये पुन्हा तपासावी लागली. त्या साली प्रोसेसच्या एका यादीच्या दोन झाल्या, आणि जुनी अट पहिलीच पाहायची. चिठ्ठी दुसरीत असली तर कोंडी परत! मग दोन्ही पाहिल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी कोली ली यांच्या बदलामुळे रेड-१ मधला बॅरिअर ६४ मेगाबाइटांच्या पट्ट्यांपुरता लागू लागला, त्यामुळे जुळवणी चालू असतानाही बाकीच्या पट्ट्यांवरचं लिहिणं सहसा खोळंबत नाही.

पुढच्या आठवड्यात बिटमॅप : वीज गेल्यावर सगळी डिस्क न जुळवता फक्त संशयित भाग जुळवायची सोय.