मागितलेली किंमत नको, मिळालेली किंमत बघा!

जुनी एचएमटी घड्याळं ईबेवर परदेशी ग्राहकांना विकायचीत? मग माल घेण्याआधी नीट शोधायला शिका. नुसतं 'एचएमटी' टाकलं तर घड्याळं, पट्टे, सुटे पार्ट्स असा सगळा बाजार एकदम समोर येतो.

शोध असा गाळा (शब्द इंग्रजीत टाइप करा):

१. "एचएमटी जनता" असं अवतरणचिन्हांत टाका. हेच शब्द याच क्रमाने असलेल्या वस्तू दिसतील.

२. नको त्या शब्दाला वजाचं चिन्ह चिकटवा: -पार्ट्स. पण -डायल करू नका हं! शीर्षकात 'ब्लॅक डायल' लिहिलेली अख्खी घड्याळंही गायब होतील. त्यापेक्षा रिस्टवॉचची कॅटेगरी निवडा.

३. 'सोल्ड आयटम्स' फिल्टर लावा. आता दिसतील खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू.

तिसरी पायरी मी सुरुवातीला गाळली. लोक मागत होते त्या किमती बघून माल भरला, आणि तो कपाटातच पडून राहिला. मागायला काय, कोणीही कितीही मागतं!

आज एकच मॉडेल निवडा. झालेले दहा सौदे वहीत लिहा, शिपिंगसकट. मगच खिशात हात घाला.