शिडीची गाडी कशासाठी?

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील एका दहा मजली इमारतीला आग लागली. वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल कंपनीचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. बंब आले, शिडी उभी राहिली. पण ती सहाव्या मजल्याच्या आसपासच संपली. (तिकडे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात.) जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. त्या आगीत १४६ माणसे दगावली.

"आमच्या गावात दहा मजले आहेतच कुठे? मग शिडीची गाडी कशाला?" असा प्रश्न लहान शहरांत हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. शिडी किती लांब आहे एवढेच पाहून भागत नाही. तिचा पाया भिंतीपासून किती दूर ठेवावा लागतो, हेही पाहावे लागते.

साध्या बंबावर सरकवून वाढवता येणारी, सुमारे १०.५ मीटर लांबीची हातशिडी असते. ती जमिनीशी ७५ अंशांचा कोन करून उभी केली, तर वरचे टोक १०.१ मीटर उंचीवर आणि पाया भिंतीपासून २.७ मीटरवर येतो. एक मजला ३ मीटरचा आणि खिडकी त्याच्या जमिनीपासून १ मीटरवर धरली, तर तिसऱ्या मजल्याची खिडकी १० मीटरवर असते. म्हणजे शिडी कशीबशी पोचली. आता भिंतीला लागून सायकलींची शेड आहे आणि पाया ६ मीटर दूर ठेवावा लागला, असे समजा. पायथागोरसचा सिद्धांत वापरा. उंची उरते ८.६ मीटर! शिवाय शिडी कलल्यामुळे, मधोमध आलेल्या माणसाच्या वजनाने तिला वाकवणारे परिबल दुपटीहून अधिक होते.

मग खालूनच पाणी का मारू नये? पाणी वर चढवणे पंपाला जड नाही. अडचण भूमितीची आहे. चौथ्या मजल्याची खिडकी १३ मीटरवर आणि जवान भिंतीपासून १० मीटरवर असेल, तर तिरपी धार खिडकीतून शिरून पावणेदोन मीटरच्या आतच छताला थडकते. खोलीच्या मागच्या बाजूला लागलेली आग तशीच राहते. आणि खिडकीत अडकलेल्या माणसाला या धारेचा काय उपयोग?

शिडीच्या गाडीवर शिडी फिरत्या तबकडीवर बसवलेली असते. तिला भिंतीचा आधार लागत नाही. गाडी १० मीटर दूर उभी राहिली तरी १३ मीटरवरील खिडकीसाठी १६.४ मीटर लांबी पुरते. शेड, कुंपण, बाग यांवरून ती सरळ पलीकडे जाते.

पण आधार नाही, म्हणजे गाडी उलटण्याचा धोका आला. हिशेब करून पाहू. गाडीचा सांगाडा १२ टनांचा, शिडी ३ टनांची, टोकाला दोन माणसे मिळून १५० किलो, आणि टोक गाडीच्या मध्यापासून आडवे १० मीटर दूर आहे असे समजा. शिडीचा गुरुत्वमध्य ५ मीटरवर धरा. चाके मध्यापासून सव्वा मीटरवर असतील, तर उलटवणारे परिबल सुमारे १२.६ टन-मीटर आणि सावरणारे १५ टन-मीटर येते. ही शिल्लक फारच थोडी. वाऱ्याचा एक झोत ती खाऊन टाकील. म्हणून गाडीच्या बाजूंनी पोलादी पाय बाहेर काढतात. ते मध्यापासून अडीच मीटरवर टेकले की उलटवणारे परिबल ८.६ वर उतरते आणि सावरणारे ३० वर जाते. गाडी तीच, वजन तेच!

मात्र हे पाय टेकायला पाच मीटर रुंद, घट्ट जमीन लागते. गटाराच्या झाकणावर पाय टेकून चालत नाही. वर विजेच्या तारा असल्या तर शिडी फिरवता येत नाही. गाडी विकत घेण्याआधी गल्ल्या मोजाव्यात, असे मला वाटते ते यामुळेच.

तुमच्या शाळेपासून सुरुवात करा. सर्वांत वरच्या खिडकीची उंची सावलीवरून काढा. मोठी गाडी भिंतीच्या किती जवळ येऊ शकेल ते टेपने मोजा, आणि किती मीटरची शिडी लागेल ते वहीत मांडा.