टायमिंग बेल्ट : ऐकीव गोष्टी आणि इंजिनाचं म्हणणं

सातारा-सांगलीकडच्या माणसाला इंजिनाची भीती नसते. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातली डिझेल इंजिनं आणि 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीचे पंप बघत इथल्या पिढ्या वाढल्या. विहिरीवर इंजिन, इंजिनावरून पंपाला लांब पट्टा. पट्टा घसरायला लागला की थोडी राळ टाकायची, उतरला की परत चढवायचा, ढिला झाला की इंजिन जरा मागं ओढायचं. घरच्या कारचा टायमिंग बेल्ट बदलायला बसताना हाच अनुभव डोक्यात असतो आणि बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

विहिरीवरचा पट्टा ताकद वाहून नेतो. टायमिंग बेल्टला प्रामुख्यानं हिशेब सांभाळायचा असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक व्हायला हवा, तरच व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत येत नाहीत. म्हणून या पट्ट्याला आतून दात असतात आणि लांबी वाढू नये म्हणून रबरात काचतंतूंचे दोर विणलेले असतात. असा पट्टा कारमध्ये पहिल्यांदा आला तो 1962 च्या सुमारास, ग्लास 1004 या जर्मन गाडीत. त्याला राळ लावायची नसते, तेल तर नाहीच नाही.

आधी आपल्या गाडीत पट्टा आहे का, ते बघा. मारुती 800, ओम्नी, जुनी सँट्रो, इंडिका, क्वालिस, अडीच लिटर डिझेलची जुनी इनोव्हा, दीड लिटर डिझेलची डस्टर यांत पट्टा आहे. स्विफ्ट-डिझायरचं 1.3 लिटर डिझेल, मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि इनोव्हा क्रिस्टा यांत साखळी. ‘साखळीवाल्या गाडीला काही बघावं लागत नाही’ हेही अर्धंच खरं. साखळीचं आयुष्य ऑइलवर असतं. ऑइल बदलायला टाळाटाळ केली तर साखळी लांबते, टेन्शनर झिजतो आणि सकाळी गार इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते.

‘तुटायच्या आधी पट्टा आवाज करतो’ हा समज सगळ्यात महागात पडतो. पावसाळ्यात जो किंचाळतो तो बाहेरचा, अल्टरनेटरचा पट्टा. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा मुकाट्यानं तुटतो, किंवा आठ-दहा दात एकदम सोलून निघतात. वरून पाहून भरवसा ठेवावा तर आजचं रबर इतकं चिवट असतं की मुदत संपलेला पट्टाही नव्यासारखा दिसतो. जुन्या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ दिवा लागतो, त्यावरूनही घोळ होतो. तो दिवा पट्टा तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. पट्टा न बदलता दिवा रीसेट करता येतो. म्हणून जुनी गाडी घेताना दिवा बंद आहे यावर समाधान मानू नका, बिल मागा.

किलोमीटरचे आकडे इंजिनागणिक वेगळे, साधारण साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत. आपला आकडा गाडीच्या पुस्तिकेतच बघावा. पण त्याच पानावर वर्षंही दिलेली असतात आणि ती कुणी वाचत नाही. फक्त लग्नकार्याला आणि पाचगणी-महाबळेश्वरला निघणारी गाडी दहा वर्षांत चाळीस हजारही फिरत नाही. तिचं रबर मात्र वयानं कडक होतच असतं.

सांगलीत याला आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल, फिल्टर, वायरिंग सगळं बघितलं जातं, पण पट्ट्याच्या झाकणाआड गाळ शिरतो हे विसरलं जातं. तो गाळ दात आणि बेअरिंगं खातो. अशा गाडीचा पट्टा वय न विचारता बदलावा. इंजिन डिझेलनं लख्ख धुण्याची आपल्याकडची हौसही रबराला मारक आहे. कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळत असेल तर तेच घडतं, म्हणून गळती न थांबवता नवा पट्टा बसवणं म्हणजे पैसे वाया.

आता ताण. ‘तट्ट ओढला की निश्चिंत’ असं सांगणारे मिस्त्री अजून भेटतात. मिरजेत सतार जुळवणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल की तार जास्त पिळली म्हणजे स्वर जास्त चांगला होतो असं नाही. पट्टा जास्त ओढला तर इंजिन घूं-घूं आवाज करतं आणि टेन्शनर, आयडलर, वॉटर पंपाची बेअरिंगं लवकर जातात. ढिला राहिला तर दात उडी मारतो. दोन बोटांत धरून पाव फेरा पिळून बघायची पद्धत जुन्या साध्या इंजिनांपुरती ठीक. ज्या टेन्शनरवर काटा आणि खूण असते तिथं काटा खुणेवर आणणं हेच माप. हे काम इंजिन पूर्ण गार असताना करायचं, कारण तापल्यावर इंजिनाचा धातू फुगतो आणि ताण बदलतो. स्प्रिंगच्या टेन्शनरवर टॉमीनं जोर लावायचा नाही. बोल्ट सैल करून स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं, क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, मगच बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचा.

मग हे घरी जमतं का? मारुती 800 किंवा जुन्या सँट्रोसारख्या गाडीवर, हाताला सवय असेल तर जमतं. पुलीवर खुणा असतात, जागा बरी असते. पण बऱ्याच नव्या डिझेल इंजिनांत कॅम आणि क्रँक अडकवून ठेवायला खास पिना लागतात. काहींत क्रँकच्या पुलीला चावीच नसते, ती नुसत्या बोल्टच्या दाबावर बसते. तिथं डोळ्यांच्या अंदाजानं टायमिंग लावणं हा जुगार आहे. अशी गाडी सरळ गॅरेजला न्यावी, त्यात कमीपणा नाही.

घरी करणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड लावा. इंजिनाचं माउंटिंग काढायचं असेल तर इंजिनाला आधी खालून आधार द्या. खुणा जुळवून फोटो काढा. पट्टा उतरल्यावर कॅम किंवा क्रँक एकटा फिरवू नका. नवा पट्टा दुमडू नका, स्क्रू-ड्रायव्हरनं रेटून चढवू नका. आतले काचतंतू मोडतात आणि वरून काही दिसत नाही. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर बदलाच. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही, कारण तो पुढं गळला तर हीच सगळी खोलाखोल पुन्हा करावी लागते.

आणि पट्टा खंबाटकी घाटात तुटलाच, तर? ‘दुसऱ्या गिअरला धक्का मारून बघू’ म्हणणारे चार जण लगेच जमतात. त्यांना चहा पाजा, पण धक्का मारू देऊ नका. डिझेलमध्ये हवा पंधरा-वीस पटींनी दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर आल्यावर व्हॉल्व्हला जागा जवळजवळ उरतच नाही. पट्टा तुटला त्या क्षणी काही व्हॉल्व्ह वाकले असतील. पुढचा प्रत्येक फेरा उरलेल्यांवर आणि पिस्टनवर घाव घालतो. काही जुनी पेट्रोल इंजिनं यातून सुटतात, पण आपलं त्यातलं आहे का हे रस्त्याच्या कडेला ठरवता येत नाही. किल्ली काढा आणि टोइंगवाल्याला फोन करा.

नवा पट्टा बसवल्यावरही पहिला स्टार्टर मारायच्या आधी क्रँक पान्यानं दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचंच. फिरताना कुठं टणक अडल्यासारखं लागलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. मागं या, पट्टा उतरवा आणि खुणा पहिल्यापासून लावा.