‘लँडस्लाइड’, दरड आणि भूस्खलन : एक अर्थभेदात्मक विवेचन

पर्यावरणशास्त्राच्या पदवीस्तरीय अभ्यासक्रमात आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकरणात पूर, भूकंप व चक्रीवादळ यांच्याबरोबर ‘लँडस्लाइड’ हा घटक येतो. त्याचा मराठी पर्याय देताना आपण कधी ‘दरड कोसळणे’ लिहितो, कधी ‘भूस्खलन’, आणि दोन्ही एकच मानून पुढे जातो. कर्जत-खालापूरसारख्या डोंगराळ तालुक्यांत हे दोन शब्द एकच मानणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ इंग्रजी शब्दही पुरेसा सैल आहे. ब्रिटिश वापरात पूर्वी ‘लँडस्लिप’ हा शब्द रूढ होता. ‘लँडस्लाइड’ हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला. (निवडणुकीतील प्रचंड विजयालाही तो लावला जातो. मराठीने तेथे ‘लाट’ पसंत केली, हे बरेच झाले.) ‘स्लाइड’ म्हणजे घसरणे, परंतु शास्त्रीय व्याख्येत उतारावरून खडक, राडारोडा वा माती यांची खाली होणारी कोणतीही हालचाल या शब्दात येते. डेव्हिड व्हार्न्स यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या व १९७८ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात दोन प्रश्न विचारले जातात : काय सरकले आणि कसे सरकले? ते पडले, उलथले, घसरले, पसरले की वाहिले, यानुसार नाव बदलते. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने घसरण हा ‘लँडस्लाइड’चा केवळ एक प्रकार ठरतो.

मराठीत ‘दरड’ म्हणजे डोंगराचा वा नदीकाठाचा तुटलेला, उभा कडा. ती ‘कोसळते’, येथे पडण्याची क्रिया अभिप्रेत आहे. कर्जत ते खंडाळा घाटातील लोहमार्गावर पावसाळ्यात येणारे दगड, किंवा द्रुतगती मार्गावर खालापूर तालुक्यातील आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये सुटलेले खडक, यांना हा शब्द तंतोतंत लागू पडतो. अशा ठिकाणी पूर्वसूचना जवळजवळ मिळत नाही. कातळाला लोखंडी जाळी लावणे, सुटे दगड आधीच काढणे व गस्त घालणे हेच उपाय उरतात. ‘भूस्खलन’ हा संस्कृत ‘स्खल्’ धातूवरून घडविलेला शब्द. त्यात घसरण्याचा भाव असून त्याची व्याप्ती मोठी आहे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती मातीदगडांखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असतानाच २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच सांगितले. त्याआधीच्या तीन दिवसांत या भागात सुमारे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याची माहितीही विधानसभेत देण्यात आली. शब्द एकच असल्यामुळे यादी चुकली, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ‘दरड’ म्हटले की सामान्य माणूस वर उघड्या कातळाकडे पाहतो, पायाखालच्या जमिनीकडे नाही. सह्याद्रीत बेसाल्टच्या कड्याखाली झिजलेल्या मातीचा व सुट्या दगडांचा उतार असतो आणि वाड्या बहुधा तेथेच वसतात. सततच्या पावसाने ही माती पाणी पिऊन जड होते, तिच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि मग वरचा कडा जागच्या जागी असतानाही उतार खाली येतो. माळीण (३० जुलै २०१४) येथेही पावसाने भिजलेला उतारच गावावर आला.

अशा घसरणीपूर्वी पुष्कळदा खुणा दिसतात : जमिनीला वा भिंतींना भेगा, कललेली झाडे व खांब, अडकू लागलेली दारे, नव्या जागी फुटलेले झरे. प्रवाहाच्या प्रकारात धोका आणखी दूर पोहोचतो. दगडमातीचा लोंढा ओढ्याच्या वाटेने धावतो, म्हणून डोंगरापासून अंतरावर असलेले घरही सुरक्षित राहत नाही. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे वा आटणे ही त्याची खूण. पडणाऱ्या दगडापासून बाजूला होणे पुरते, लोंढ्यापासून मात्र ओढ्याची वाट सोडून उंचावर जावे लागते. दोन्हींना एकच शब्द वापरला तर सूचनाही एकच दिली जाते.

म्हणून ‘भूस्खलन’ हा सर्वसमावेशक शब्द ठेवावा आणि त्याखाली कड्यासाठी ‘दरड कोसळणे’, उतारासाठी ‘डोंगर घसरणे’, ओढ्यासाठी ‘दगडमातीचा लोंढा’ असे भेद करावेत. ‘जमीन खचणे’ मात्र यांपासून वेगळे ठेवले पाहिजे, कारण तेथे हालचाल मुख्यत्वे सरळ खाली होते. हे सर्व शब्द बोलीत आधीच आहेत, नव्याने घडवावे लागत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत वाड्यांची पाहणी करताना प्रश्नावलीत ‘येथे दरड कोसळते का?’ एवढेच न विचारता भेगा कोठे पडल्या, कोणत्या वर्षी, झरा कोठे सरकला, ओढ्याने पूर्वी दगड कोठवर आणले होते, असे विचारता येईल. वाडीतील वृद्धांकडे या प्रश्नांची उत्तरे बहुधा असतात.