घरीं कॉफी भाजण्याचीं साधनें

बुरोंडीस किनाऱ्यालगत राहणारे एक गृहस्थ मागील उन्हाळ्यांत आमच्याकडे आले. दापोलीकडून समुद्र पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांची ते आपल्या घरीं उतरण्याची सोय करतात. पाहुण्यांस स्वतः भाजलेली कॉफी द्यावी व थोडी विकावीही, असा त्यांचा विचार होता. आणि एक किलो दाणे भाजणारें यंत्र घेण्याकरितां आंब्याच्या दोन हंगामांची शिल्लक ते खर्ची घालणार होते. अशा यंत्राची किंमत लाखांत जाते. आम्हीं त्यांस म्हटलें, "प्रथम दोनशें ग्रॅम दाणे कढईंत भाजून पाहा, यंत्राचें मागाहून पाहूं." त्यांस जें सांगितलें तेंच येथें लिहितों, कारण यांतील बहुतेक साधनें आपणां सर्वांच्या घरीं आहेतच.

कॉफी हें आपल्या भागाचें पीक नव्हे. महाराष्ट्रांत ती अमरावती जिल्ह्यांत चिखलदऱ्याच्या डोंगरावर थोडी होते. भारतांतील सुमारें शेंकडा ७० कॉफी एकट्या कर्नाटकांत पिकते. कच्चा दाणा हिरवट, कठीण व वासाला सुक्या गवतासारखा असतो. त्यांत शेंकडा १० ते १२ पाणी असतें. भाजतांना हें पाणी उडूं लागतें, दाणा पिवळा होतो, मग तपकिरी होतो, आणि सुमारें २०० अंश सेंटिग्रेडला आंतील वाफ व वायु यांच्या दाबानें लाह्या फुटाव्या तसा आवाज करून तडकतो. ही पहिली तडतड. येथून पुढें कॉफी पिण्याजोगी झाली असें समजावें. तशीच भाजत राहिल्यास २२५ अंशांच्या सुमारास दुसरी, बारीक व जलद तडतड ऐकूं येते. दाण्यावर तेल चमकूं लागतें, आणि थोड्याच अवधींत त्याचा कोळसा होतो. हें सर्व १० ते १५ मिनिटांत घडतें. म्हणून साधनें कोणतीं हवींत, याचें उत्तर या मिनिटांनीं ठरतें.

पहिलें साधन म्हणजे जाड बुडाची लोखंडी कढई व लांब दांड्याचा लांकडी कालथा. पातळ भांड्यांत दाणा बाहेरून करपतो व आंत कच्चा राहतो. अन्न चिकटूं नये म्हणून काळा लेप दिलेलें भांडें मात्र या कामीं घेऊं नये. फार तापल्यास तो लेप विघटतो व त्याचा धूर अपायकारक असतो. ज्या भांड्यांत काजूच्या बिया टरफलासकट भाजल्या असतील तेंही वर्ज्य. त्या टरफलांतील तेलानें कातडीस फोड येतात, हें कोंकणांतील मुलांस सांगावयास नको. दक्षिणेकडे कित्येक घरीं विस्तवावर हातानें फिरवावयाचा लोखंडी पिंप असतो. तो कढईहून सरस, कारण त्यांत दाणा सतत उलटतो. परंतु दाणा दिसत नाहीं, म्हणून नवशिक्यानें कढईवरच हात बसवावा.

दुसरें साधन कान. हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं. एकदां आषाढांत, पत्र्यावर पाऊस कोसळत असतां, आम्हीं भाजावयास घेतलें. पहिली तडतड ऐकूंच आली नाहीं, आणि धुरानें डोळे चुरचुरूं लागले तेव्हां पाव किलो दाणे गेले होते. तेव्हांपासून आम्ही घड्याळ समोर ठेवितों व दाण्यांच्या राशींत तारेचा उष्णतामापक खुपसतों. तो फारसा महाग नाहीं. मात्र त्याचा आंकडा राशीचा असतो, प्रत्येक दाण्याचा नव्हे. म्हणून रंग व वास सोडूं नये.

खालीं उतरविलेला दाणा स्वतःच्या उष्णतेनें भाजतच राहतो. त्यास तीन-चार मिनिटांत निववलें पाहिजे. येथें आपली रोवळी व सूप यांस तोड नाहीं: रोवळींत ओतावे, पंख्याखालीं हलवावे, मग सुपांत पाखडून दाण्यावरील रुपेरी साल उडवावी. ही साल ठिणगीनें चटकन् पेटते. तेव्हां चुलीपासून दूर पाखडावें, आणि कढईवर बसेल असें झांकण हाताशीं ठेवावें. धूर पुष्कळ होतो. हें काम पडवींत करावें, कोंडलेल्या स्वयंपाकघरांत नव्हे.

विकावयाचें असल्यास काटा व वही यांवांचून चालणार नाहीं. मध्यम भाजलेले २०० ग्रॅम दाणे सुमारें १७० ग्रॅम भरतात. ही घट न धरतां जो भाव ठरवील त्यास आपण कां बुडालों तें कळणारही नाहीं. प्रत्येक खेपेस कच्चें वजन, तडतडीची वेळ, उतरविल्याची वेळ व भाजलेलें वजन लिहावें. अशा वीस-पंचवीस खेपा एकसारख्या उतरल्या व गिऱ्हाईक पुन्हां मागूं लागलें, तरच यंत्राचा विचार करावा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वयें नोंदणीही विक्रीपूर्वींच करावी लागते.

शेवटचें साधन बरणी. आणि बुरोंडीसारख्या गांवीं तीच सर्वांत कठीण. दाणा आसपासचा वास व ओल दोन्ही शोषतो. ज्या फडताळांत सुकट किंवा सुके बोंबील असतील त्यांत कॉफी ठेवल्यास काय होईल तें सांगणें नको. पावसाळ्यांत कच्चे दाणेही घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावे, नाहीं तर त्यांस बुरशी येते. भाजलेल्या दाण्यांतून अंगारवायु निघत असतो, म्हणून पहिला एक दिवस झांकण किंचित् सैल असावें व नंतर घट्ट लावावें. दोन-तीन दिवस मुरल्यावर चव खुलते. दळावें तें लागेल तेवढेंच, करावयाच्या वेळीं. जायफळ घालावयाचें तर तेंही तेव्हांच किसावें; दळलेल्या कॉफींत मिसळून ठेवल्यास आठवड्यानें दोहोंपैकीं एकाचाही वास राहत नाहीं.

त्या गृहस्थांची वही आतां सतराव्या खेपेवर आहे. यंत्र अद्याप घेतलें नाहीं.