मढीच्या दगडांमागचे हात

नगरहून पाथर्डीकडे निघालात की शहर मागे पडताच शहा डोंगर लागतो. माथ्यावरच्या वास्तूला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात तो निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याचा मकबरा. अष्टकोनी, तीन मजली. कोरीव काम फारसे नाही, सारे सौंदर्य कमानींच्या प्रमाणात आहे. वर चढून एकदा सगळ्या बाजूंनी वारा अंगावर घ्यावा आणि मग करंजी घाट, तिसगावच्या जुन्या वेशी असे करत मढीला जावे.

मढीसाठी मात्र अख्खा दिवस हवा. टेकडीवर कानिफनाथांची समाधी आणि तिच्याभोवती किल्ल्यासारखे दगडी बांधकाम. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी इथे नवस बोलला आणि त्यातून हे बांधकाम उभे राहिले, असे परंपरा सांगते. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी आठवण. हे अवजड दगड टेकडीवर वाहून आणले ते गोपाळ समाजाने, असे मानतात. म्हणून मढीच्या होळीचा मान आजही त्यांचा. कैकाडी समाजाच्या काठीलाही असाच मान आहे. ताजमहाल असो की दुसरी कुठली भव्य वास्तू, दगड वाहणाऱ्यांना एरवी कोण विचारतो? इथे त्यांचा हक्क दरवर्षी साऱ्या यात्रेसमोर मान्य होतो.

होळी ते गुढीपाडवा ही यात्रा चालते. रंगपंचमीला आलात तर टेकडीकडे सरकणाऱ्या, रंगीत वस्त्रांनी सजवलेल्या काठ्या पाहा. डफ आणि ढोल-ताशे ऐका. काठी उंच तोलत गर्दीतून पायऱ्या चढणाऱ्याचे पाऊल बघा, ते कुठल्याही नर्तकाच्या तोडीचे असते. भटक्या जमातींची माणसे महाराष्ट्रभरातून इथे जमतात. गाढवांचा प्रसिद्ध बाजारही याच दिवसांत भरतो. परतताना रेवडी घ्यायची.

पाथर्डीजवळचे मोहटादेवीचे ठाणे नवरात्रात गजबजते. दसऱ्यानंतरच्या एकादशीला तिथे यात्रा असते आणि कलावंतांच्या हजेऱ्या होतात. एकामागून एक लोककलावंत पुढे येतो, देवीपुढे आपली कला सादर करतो, बिदागी घेतो आणि दुसऱ्याला जागा करून देतो. पडदा नाही, तिकीट नाही. पाच-दहा मिनिटांत गर्दीला धरून ठेवायचे हे फार अवघड काम, आणि ते इतक्या जवळून पाहायला मिळते. याच यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्याला जाणाऱ्यांनी आधी इथे जरूर थांबावे.

वेळ उरला तर शेजारच्या शेवगाव तालुक्यातील घोटणला जा. तिथले मल्लिकार्जुनाचे मंदिर यादवकालीन आहे. गाभारा खोलगट, म्हणून सकाळचे ऊन तिरपे असताना पोहोचावे. खांबांवरचे कोरीव काम तेव्हा उठून दिसते. यात्रेचे दिवस सोडले तर गर्दी नसते, खांबाजवळ हवे तितके रेंगाळता येते.